वेगळी चूल

आमच्या पालमेटा गावात माणसं मोजत नाहीत, चुली मोजतात. सभेत बोलायचा हक्क चुलीला असतो. एका चुलीमागे एक शब्द, आणि एकाही चुलीचा शब्द अडला तर ठराव होत नाही. हात वर करायचे, डोकी मोजायची, जास्तीवाले जिंकले आणि कमीवाले हरले, असला प्रकार आमच्यात नाही. गायता म्हणजे गावाचा मुख्य आणि पुजारीही तोच. तो पळसाच्या पानाच्या द्रोणात पाणी घेऊन चुलीचुलीपुढे फिरतो. कबूल असेल तो घोटभर पितो, नसेल तो द्रोण पालथा घालतो. द्रोण पालथा पडला की सभा तिथंच थांबते. मग पालथा घालणाऱ्याची समजूत काढायला अख्खं गाव बसतं, आणि तो नाहीच मानला तर विषय बाजूला ठेवतात. हे आधीच सांगून टाकते, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की माझ्या निवडणुकीत घोळ झाला तो मशीनचा. मशीन बिचारं सरळ होतं.

माझं नाव करिष्मा. मी जन्मले तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांच्या आवडीचं नाव कागदावर लिहून टाकलं. आईला ते अजून नीट म्हणता येत नाही, ती मला किस्मा म्हणते. घरात आई, मी आणि माझा धाकटा भाऊ अमर. मी चंद्रपूरला राहून बीए केलं, वकिलीची दोन वर्षंही केली, पण मध्येच बाबा वारले आणि मी परत आले. लग्न केलं नाही. गावाने सुरुवातीला त्यावरून खूप डोकं खाल्लं, मग ग्रामसभेचे अर्ज लिहायला कुणीतरी हवंच होतं म्हणून गप्प बसलं. आम्ही घरीदारी माडिया बोलतो. इथं लिहिताना मात्र माणसांच्या तोंडी आमच्या बाजूची मराठी घालते आहे, कारण पुण्याची मराठी त्यांच्या तोंडी घातली तर मलाच हसू येईल.

गावामागे मेटा आहे, म्हणजे डोंगर. वर आमचे देव बसतात आणि खाली लोखंड आहे. देव आहेत हे आम्हाला पूर्वीपासून ठाऊक होतं, लोखंड आहे हे एका कंपनीने शोधून काढलं. डोंगरापर्यंत जायचा रस्ता आमच्या गावाच्या जंगलातून जातो आणि त्याला ग्रामसभेची संमती लागते. गावाने संमती दिली नाही. तेवढ्यावर सगळं अडलेलं होतं.

मग त्या हिवाळ्यात आसपासच्या गावांची मिळून मोठी सभा बसली आणि एक विषय निघाला, की लोकसभेला आपला माणूस उभा करायचा. आमची जागा राखीव आहे, तेव्हा निवडून येतो तो आदिवासीच. पण दिल्लीत तो पक्षाचा असतो, मुंबईत पक्षाचा असतो, आणि आमच्याकडे मतं मागायला आला की तेवढ्या वेळापुरता डोक्याला मोरपीस लावून आदिवासी होतो. आम्हाला कुणाचाच नसलेला, म्हणजे आमचा माणूस हवा होता. आमच्या गावाचे गायता पोचू हे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठेबा. त्यांनीच माझं नाव घेतलं.

बाकीच्या गावांनी मान डोलावली, पण आपल्या गावाचा ठराव आपल्या गावात व्हावा लागतो. मोठेबा द्रोण घेऊन फिरले. सगळ्या चुली प्यायल्या आणि आमच्या चुलीपाशी येऊन द्रोण पालथा पडला. घालणारी माझी आई होती.

मोठेबा माझ्या आईशी थेट बोलत नाहीत. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी बोलायचं नसतं, अशी आमच्यात रीत आहे. ते गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सभाघराच्या, खांबाकडे बघून बोलतात आणि आई खांबाकडून ऐकते. लहानपणी आम्हाला याची फार गंमत वाटायची. त्या दिवशी मोठेबांनी खांबाला विचारलं, "या घराले कबूल काऊन नाई?"

आई खांबाला म्हणाली, "पोरीले मोठ्या लोकाईच्या तोंडापुढं उभी करून राह्यले. उद्या गावानं तिले मंधातच सोडली तं ते कोनाच्या तोंडाकडं पाहीन?"

"गाव सोडत नसते," मोठेबा म्हणाले. "एकदा पानी पेलं का पेलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आई अडून बसली. मीच तिच्या पायाशी बसून तिला मनवलं. मेटा वाचला पाहिजे, मोठेबा पाठीशी आहेत, अख्खं गाव पाठीशी आहे, असं सगळं सांगितलं. शेवटी तिने द्रोण उचलला आणि प्यायली. मी तिच्या गळ्यात पडले. अख्ख्या आयुष्यात मला इतकं भरून आलं नव्हतं.

प्रचाराला चंद्रपूरहून अश्वजित आला. वकिलीच्या वर्गातला माझा मित्र. मी शिक्षण सोडलं, तो वकील झाला. त्याची जुनी मोटारसायकल चढाला लागली की उतरून ढकलावी लागायची. चिन्ह मिळालं खाट. गावात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. "किस्मा दिल्लीले जाऊन झोपते का वं?" असं म्हातारे विचारायचे. मी म्हणायचे, पाहुणा आला की आपण आधी काय टाकतो? खाट. तशी तुम्ही मला तिथं टाका. हे भाषण चाललं. पुढे पुढे तर मी गावात शिरायच्या आधीच पोरं अंगणात खाट आणून ठेवायची आणि मी तिच्यावर उभी राहून बोलायचे.

पण त्याआधीच एक गोष्ट होऊन बसली होती. कंपनीच्या गाड्या मोजणीला आल्या तेव्हा पोरांनी रस्त्यावर झाडं आडवी टाकली, आणि त्यातल्या काही पोरांना धरून चंद्रपूरच्या जेलात टाकलं. अमर त्यांच्यात होता. अश्वजितने जामिनाचा अर्ज केला. कोर्टाने तारीख दिली ती मतदानाच्या नंतरची.

अश्वजित मला म्हणाला होता, "गावाले सांगून टाक ना, तारीख लागली म्हनून. लोकाईच्या जिवाले बरं वाटन."

मी नको म्हटलं. जामीन मिळाला तर सगळ्यांना कळेलच. नाही मिळाला तर मतांसाठी पोरांच्या आयांना आशा दाखवली असं होईल, आणि तसं तर सगळेच करतात, मग मी कशाला उभी राहिले? आईला मी इतकंच सांगितलं की अश्वजित प्रयत्न करतोय. ती मान हलवायची आणि अमरची घोंगडी उन्हात टाकायची.

आमचा मतदारसंघ म्हणजे काही गावाची वेस नाही. एका टोकाला जंगल, दुसऱ्या टोकाला धानाची शेतं आणि मध्ये नद्याच नद्या. शेवटच्या आठवड्यात मी वडसा, ब्रह्मपुरी, चिमूर या बाजूला फिरत होते. रात्री वडशाला अश्वजितच्या मावशीकडे पाठ टेकायची आणि सकाळी पुन्हा निघायचं. तिकडचे लोक चहा पाजायचे, कौतुक करायचे आणि मत देणार नाही हे चेहऱ्यावरूनच सांगायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी जिंकणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण आमच्या डोंगराभोवतीच्या गावांनी एकजुटीने खाटेवर मतं टाकली, तर ते आकडे सगळ्यांना दिसणार होते. कंपनीला दिसणार होते, पक्षाला दिसणार होते. ही गावं फुटत नाहीत एवढं दिसलं की रस्त्याचा विषय पुन्हा काढायची कुणाची हिंमत झाली नसती. मला दिल्ली नकोच होती, मला ते आकडे हवे होते.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मी घरी आले. आईने कोंबडी केली होती. मोहाचा हंगाम, घरोघरी फुलं वाळत पडलेली, सगळ्यांची कामाची घाई, तरी बायका येऊन मला बघून गेल्या. मोठेबांनी कपाळावर तांदूळ लावले आणि बराच वेळ डोक्यावर हात ठेवला. एकानेही खाटेवरून थट्टा केली नाही. मला वाटलं, उद्याचा मोठा दिवस आहे म्हणून सगळे गंभीर झालेत. मला त्यांचं सगळ्यांचं फार प्रेम वाटलं.

आमचं मतदान केंद्र गावात नसतं, लांबच्या आश्रमशाळेत असतं. उजाडायच्या आत सगळं गाव चालत निघालं. आईने वाटभर माझा हात धरला होता. रांगेत ती माझ्या पुढे होती. मत देऊन दोघी बाहेर आलो तेव्हा मी हसत विचारलं, "सापडली का वं खाट?"

"सापडली," आई म्हणाली.

"दाबली ना नीट?"

"ऊन हून राह्यलं," ती म्हणाली, "चाल लवकर."

मे महिन्यात अमरचा आणि बाकीच्या पोरांचा जामीन झाला. अश्वजितचा फोन आला तेव्हा तो आनंदाने ओरडत होता. मग म्हणाला, "मी बसची तिकिटं काढून जेलापुढं उभा होतो. पन पोरं जीपमंधी बसून गेली. तू पाठवली का जीप?"

मी कसली जीप पाठवणार! संध्याकाळी ती गावात आली. पुढच्या सीटवर गुणवंतराव बसले होते. हे तालुक्याचे ठेकेदार आणि मोठ्या पक्षाचे आमच्याकडचे माणूस. सगळ्यांना नावाने ओळखतात, सणाला येतात, कुणाच्याही खाटेवर बसून भाकर खातात. बायकांनी पोरांचे पाय धुतले आणि गुणवंतरावांच्या गळ्यात हार घातला. मी म्हटलं, घ्या, दुसऱ्याच्या चुलीवर पोळी भाजायची सवयच आहे यांना. अमर घरी आला होता, आई त्याला घास भरवत होती, मग त्या हाराचं काय एवढं? मी हसून सोडून दिलं.

निकालाच्या दिवशी मी आणि अश्वजित गडचिरोलीला गेलो. मोठ्या हॉलमध्ये जाळ्या लावलेल्या, एकेका टेबलावर एकेक मशीन येत होतं. इतर ठिकाणचे माझे आकडे जसे पडायचे तसेच पडत होते. आमच्या डोंगराभोवतीच्या एका गावाचं मशीन आलं, त्यात खाटेला मतं चांगली होती. अश्वजितने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. मग आमच्या पालमेट्याचं मशीन आलं. कर्मचाऱ्याने सील फोडलं, बटण दाबलं आणि एकेका उमेदवाराचा आकडा वाचत गेला. मोठ्या पक्षाच्या नावापुढे जवळजवळ सगळं गाव होतं. माझ्या नावाशी येऊन तो म्हणाला, "करिष्मा पुंगाटी, एक."

अश्वजित म्हणाला, "साहेब, परत दाखवा."

त्यांनी परत दाखवलं. एक. पलीकडे बसलेला त्या पक्षाचा माणूस तोंडावर रुमाल धरून हसला आणि बाजूच्याला म्हणाला, "निदान सोताचं तं टाकलं बाप्पा."

मला आधी काहीच कळेना. एक म्हणजे मी. मी दाबलेलं बटण मला आठवत होतं, काचेमागे दिसलेली चिठ्ठी आठवत होती. मग मोठेबा नाहीत. मग शेजारची काकू नाही. मग रांगेत माझ्या पुढे उभी असलेली, वाटभर माझा हात धरून चाललेली माझी आई नाही. त्या एकात माझी आई नव्हती. हे एवढं डोक्यात शिरलं. अश्वजितने मला धरून खुर्चीवर बसवलं. कुणी पाठीत सुरा खुपसला असं लोक सहज म्हणतात. माझी तेव्हा खरोखर पाठ दुखत होती.

दुसऱ्या दिवशी बसने, मग चालत, मी घरी पोचले. आई धान पाखडत होती. मी सरळ विचारलं आणि तिनेही लपवलं नाही. मी वडशाकडे असताना गुणवंतराव आले होते. गोटुलापुढे त्यांना खाट टाकली. त्यांनी सांगितलं, पोरं सुटायची असतील तर आमच्याशिवाय कुणी सोडवू शकत नाही. पण गावाची मतं सगळीच्या सगळी हवीत, दहा-वीस इकडेतिकडे चालायची नाहीत, मशीन गावाचं वेगळं उघडतं आणि आम्हाला दिसतं. आमची रीत त्यांना पाठ होती. एका बाईलाही फुटू द्यायचं नसेल तर या गावाकडून कसं वदवून घ्यायचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मोठेबांनी द्रोण भरला.

"माझ्याशिवाय?" मी विचारलं.

"तुह्या घराचा शब्द मी देल्लो," आई म्हणाली. आमच्याकडे बाया पुरुषांसारखंच बोलतात, देल्लो, गेलो. "द्रोण माह्यापुढं आला. मी पेलो."

"माझ्या विरुद्ध?"

"अमर माहा पोट्टा आहे."

"अन् मी कोन आहो?"

तिने सूप खाली ठेवलं. "तू तं हारनारच होती ना, माय. अश्वजितबी म्हने. हारनाऱ्याले आमचं मत भेटलं काय अन् नाई भेटलं काय! पोरगं तं घरी आलं."

मला रडू आलं नाही, संताप आला. मी तिला सांगितलं की जामीन गुणवंतरावांनी केलाच नाही. अर्ज अश्वजितचा होता, ती तारीख मतदानाच्या कितीतरी आधीच ठरलेली होती, पोरं त्याच तारखेला सुटणार होती. तुम्ही मला विकलं ते फुकटच्या मालासाठी, जो तुमच्या दारात येतच होता. ओरडून ओरडून माझा घसा बसला. आई ऐकत राहिली. तिच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. मग हळूच म्हणाली, "मंग सांगतलं काऊन नाई?"

त्या प्रश्नाने मी आणखीच चिडले आणि घराबाहेर पडले.

मोठेबांकडे गेले. ते परड्यात कुंपण बांधत होते. म्हणाले, "पोरी, गाव तुह्यासंगच आहे. हे फक्त मतदान होतं." त्यांना ते खरंच वाटत होतं. मशीनमधलं मत म्हणजे बाहेरच्यांचा खेळ, गावाचा शब्द म्हणजे द्रोण, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. पण द्रोण त्यांनी फिरवला होता, आणि ज्या एका माणसाने आईला तो पालथा घालायला लावला असता तो माणूस गावात नसताना फिरवला होता. एवढंच मी त्यांना म्हटलं. त्यांनी कुंपणाची दोरी आवळली.

त्याच आठवड्यात मी बाबांच्या शेतातल्या खोपडीत, म्हणजे राखणीच्या झोपडीत, राहायला गेले. तिथं मी चूल मांडली. आमच्याकडे नवी चूल पेटते ती आईच्या चुलीतल्या निखाऱ्यावर. लग्न झालेला मुलगाही वेगळा निघाला तर खापरीत निखारे घेऊन निघतो. निखारे नेले म्हणजे चुली दोन झाल्या तरी घर एकच, आणि शब्दही एकच, थोरल्या चुलीचा. मी कुणाकडे काही मागितलं नाही. काडेपेटी काढली आणि पेटवली. गाव म्हणालं, रागावली आहे, जाईल राग. अमर दोनदा येऊन बसून गेला. त्याला माझ्याशी काय बोलावं कळत नव्हतं आणि मलाही त्याच्याशी. त्याचा काही दोष नव्हता, तरी त्याच्याकडे बघितलं की मला तो एक आकडा दिसायचा.

गुणवंतरावांचं अर्धंच काम झालं होतं. उरलेलं अर्धं घेऊन ते धानाच्या रोवणीच्या आधी आले, सोबत कंपनीचा एक इस्त्रीचा शर्ट. रस्त्याला संमती हवी होती. गावाने मतं देताना तेव्हाच हेही कबूल केलं होतं का, ते मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. कुणी म्हणतं केलं होतं, कुणी म्हणतं नुसतं बोलणं झालं होतं. पण मतं देऊन बसलेल्या गावाला आता नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. माना खाली घालून सगळे गोटुलात येऊन बसले. मी कोपऱ्यात बसले.

मोठेबांनी द्रोण भरला. एकेक चूल प्यायली. आईपुढे द्रोण आला, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. प्यायली. मोठेबा माझ्यापुढून तसेच पुढे निघाले.

मी हात पुढे केला. "द्रोण द्या."

"तुह्या घराचं झालं," ते म्हणाले.

"माही चूल वेगळी आहे."

सभेत कुजबुज झाली. बिनलग्नाच्या पोरीची वेगळी चूल कुणी ऐकली नव्हती, पण नसते असंही कुणी कधी ठरवलं नव्हतं. गुणवंतराव हसून म्हणाले, "अरे, हे काय लेकराचं घरघर खेळनं लावलं!" मोठेबा मात्र हसले नाहीत. ते खांबाकडे वळले.

"या पोरीनं आग तुमच्या घरून नेली का?"

सगळ्यांची तोंडं आईकडे वळली. नेली म्हटलं असतं तर माझा शब्द तिच्या शब्दात गेला असता, रस्ता झाला असता, विषय संपला असता. खोपडीत येऊन कुणी बघितलं नव्हतं. तिने होय म्हटलं असतं तर ते खोटं आहे, हे फक्त तिला आणि मला ठाऊक असतं.

आई खांबाला म्हणाली, "नाई नेली. माह्या घरचं तिनं काईच नाई नेलं."

मोठेबांनी द्रोण माझ्या हातात दिला. मी तो पालथा घातला. पाणी शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरलं.

गुणवंतराव उठून उभे राहिले. "एका पोरीसाठी पूरा गाव थांबते का, पोचूभाऊ? हात वर करून घ्या ना. आत्ता निकाल लागते."

"ते तुमच्या मशिनीत," मोठेबा म्हणाले. "इथी थांबते."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गाव माझी समजूत काढत बसलं. ज्यांनी मला एक मत दिलं नव्हतं ते सगळे येऊन माझ्यापुढे बसले, एकेक करून, मवाळ आवाजात. गावाचा शब्द जातो म्हणाले. पोरांवरची केस अजून उभी आहे म्हणाले. मी नुसती नकाराची मान हलवत राहिले. आई आली नाही. संध्याकाळी मोठेबांनी सांगितलं, विषय बाजूला. इस्त्रीचा शर्ट गाडीत बसला. गुणवंतराव जाता जाता म्हणाले, पुढच्या सभेला येतो. ते येणार, मला माहीत आहे. जोवर माझी चूल वेगळी आहे तोवर त्यांनी यावं आणि जावं.

मी खोपडीत परतले तेव्हा अजून उजेड होता. चूल थंड पडलेली, पोटात अन्न नाही, अंगात त्राण नाही. एका मशीनमध्ये हरून आणि एक सभा अडवून मी जमिनीवर पडून होते आणि मला आईच्या हातची आंबील हवी होती. खरं सांगते, दुसरं काही नको होतं.

बाहेर पावलं वाजली. आई दारात उभी होती. तिच्या हातात खापर होतं, खाली पळसाची पानं दुमडून धरलेली, आणि खापरात तिच्या चुलीतले लाल निखारे.

"घे," ती म्हणाली. "चूल विझली तुही."

मी उठून बसले. माझे हात आपोआप पुढे गेले होते. सभेत तिने खरं सांगितलं होतं. तिने मनात आणलं असतं तर मला तिथंच मोडलं असतं, आणि तिने मोडलं नव्हतं. मग ती निखारे घेऊन आली होती ती माझी आई म्हणून. किंवा दोन दिवस बसून गावाला जे जमलं नाही ते एका खापराने करून यायला तिला कुणी सांगितलं होतं. ते घेतले असते तर आमचं घर पुन्हा एक झालं असतं, शब्द तिचा झाला असता, आणि तिचा शब्द गोटुलात देऊन झालेला होता. तिला हे कळत नव्हतं का? आमच्या गावातल्या लहान पोरीलाही कळतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मला तिच्या तोंडावरून काही वाचता येईना. याआधी मला ते नेहमी वाचता यायचं.

मी हात मागे घेतले. "कोनं पाठवलं तुले?"

पानं तापली असतील, तिची बोटं भाजत असतील, पण तिने खापर हलवलं नाही.

"मायले कोनी पाठवा लागते का?" ती म्हणाली.

तिने खापर उंबऱ्याबाहेर खाली ठेवलं आणि बांधावरून निघून गेली. मी तिला हाक मारली नाही. निखाऱ्यांवर राख चढत गेली, ते पांढरे झाले, आणि पुरते विझल्यावर मी वळचणीतली काडेपेटी काढली.